जावेचा खडा आणि आसराबाईंची फेरसोनोग्राफी

प्रति,
मा. वैद्यकीय अधीक्षक साहेब,
गोदामाय धर्मादाय रुग्णालय,
मस्तगड, जालना

अर्जदार : सौ. आसराबाई राधाकिसन आटोळे, वय ४१, धंदा शेती व घरकाम, रा. तीर्थपुरी, ता. घनसावंगी, जि. जालना

विषय : अर्जदाराच्या पित्ताशयाची सोनोग्राफी पुन्हा करून मिळणे व तोपर्यंत जावेचे ऑपरेशन थांबविणेबाबत.

संदर्भ : १) आपल्या रुग्णालयाचे सोनोग्राफी रिपोर्ट क्र. २१४ (जाऊ) व क्र. २१५ (अर्जदार), दि. २१ जानेवारी २०२५.
२) आपल्या खिडकीवर मिळालेली तोंडी सूचना, "कारण लिहून आणा."

महोदय,

वरील विषयी कळविण्यात येते की, हा अर्ज अर्जदार बाईंच्या सांगण्यावरून घनसावंगी तहसीलसमोर टेबल टाकून बसणारा अर्जलेखक तातेराव याने लिहिला आहे. अर्जलेखक पंचायत समितीतून निवृत्त असून अर्जात काय शोभते व काय शोभत नाही हे त्यास चांगले ठाऊक आहे. तसे त्याने बाईंना तीनदा सांगितले. बाईंनी तिन्ही वेळा "तुम्ही लिव्हा" एवढेच उत्तर दिले. सबब बाई बोलत गेल्या तसे खाली लिहिले आहे.

१. अर्जदार या आटोळे यांच्या थोरल्या सूनबाई. लग्नाला बावीस वर्षे झाली. धाकटी सून शिवकन्या रामप्रसाद आटोळे, वय २९, शिक्षण बारावी, लग्नाला सहा वर्षे. घर एक, चूल एक, सासू मालनबाई एक. भांडण म्हणावे असे दोघींत कधीही झालेले नाही, हे अर्जदारास मान्य आहे. भांडण झाले असते तर बरे झाले असते, असेही अर्जदाराचे म्हणणे आहे.

२. अर्जदाराचे पोट तीन वर्षांपासून दुखते. उजव्या बरगडीखाली कळ निघते व पाठीतून खांद्यापर्यंत जाते. भजी, पुरी, तेलाची आमटी असे काही खाल्ले की हमखास. ओकारी येते, घाम फुटतो, भिंतीला धरून बसावे लागते. यावर घरात आजवर ओवा, हिंग व खायचा सोडा एवढे उपचार झाले. सासूबाईंचे निदान, "वात हाय, जरा हिंडत जा." अर्जदार पहाटे पाचपासून हिंडतच असतात. पती राधाकिसन यांचे निदान, "ऊन लागलं आसंल." हे त्यांनी पौष महिन्यात सांगितले. अर्जदार कापूस वेचता वेचता सरीत आडव्या झाल्या, त्या दिवशीसुद्धा संध्याकाळच्या भाकरी अर्जदारानेच केल्या.

३. याउलट शिवकन्याचे पोट मागल्या दिवाळीत दुखले. एकदा. चकलीवर दुखले. तिने "आई गं" म्हणून हाक मारली आणि घरातली सगळी माणसे उठून उभी राहिली. दीर रामप्रसाद यांनी तिसऱ्या दिवशी तिला मोटारसायकलवर बसवून दवाखान्यात नेले. पोट दुखायचे कसे हे ती अर्जदाराकडे बघून शिकली, असा अर्जदाराचा स्पष्ट आरोप आहे. "माझंच दुखणं, आन् मान तिला," हे बाईंचे शब्द आहेत. अर्जलेखकाने ते गाळण्याची परवानगी मागितली, मिळाली नाही.

४. आपल्या रुग्णालयात पित्ताशयाच्या खड्यांचे मोफत ऑपरेशन शिबिर असल्याचे कळल्यावरून दि. २१ जानेवारी रोजी शिवकन्यास सोनोग्राफीस आणावयाचे ठरले. सोबत कोणी बाईमाणूस पाहिजे म्हणून अर्जदारास धाडले. निघताना सासूबाई म्हणाल्या, "आता चाललीच हायस तर तुझंबी बघून घे, फुकट हाय." अर्जदाराच्या तीन वर्षांच्या दुखण्याची दखल ती अशी घेतली गेली. जीपमध्ये गावातल्या एकीने सोनोग्राफी म्हटल्यावर हसून "या वयात काय बाई गोड बातमी?" असे विचारले, ते वेगळेच.

५. तपासणीच्या खोलीत शिवकन्या आधी गेली. तिला आत पंधरा मिनिटे लागली. अर्जदार पडद्याच्या अलीकडे स्टुलावर होत्या व भिंतीवरच्या घड्याळात बघत होत्या. मॅडमनी तिला या कुशीवरून त्या कुशीवर वळवले, श्वास धरायला लावला, आणखी एका डॉक्टरांना बोलावून यंत्रावर दाखवले. मग यंत्राचे तोंड शिवकन्याकडे फिरवून म्हणाल्या, "हा पांढरा ठिपका बघा, आणि त्याच्या मागे ही काळी सावली. सतरा मिलिमीटरचा खडा आहे." शिवकन्या बाहेर आली ती अंगात आल्यासारखी. त्यानंतर अर्जदार. तीच खाट, तीच गार चिकट जेली, तीच मॅडम. चार मिनिटे! दुसऱ्या डॉक्टरांना बोलावले नाही. यंत्राचे तोंड फिरवले नाही. "झालं, पुसून घ्या," म्हणून कागदाचा बोळा हातात दिला.

६. घरी आल्यावर रामप्रसाद यांनी दोन्ही रिपोर्ट वाचले. इंग्रजीतून असल्याने त्यांना जमेल तेवढे वाचले. अर्जदाराच्या रिपोर्टात "नॉर्मल" हा शब्द सहा ठिकाणी सापडला व त्यावर घरच्यांचे समाधान झाले. सासूबाई म्हणाल्या, "मी म्हणलं न्हवतं, वात हाय?" जावेच्या खड्याचा काळा फोटो मात्र कॅलेंडरच्या खिळ्याला अडकवला. येणाऱ्याजाणाऱ्यास सासूबाई तो काढून दाखवतात. उलटा धरून दाखवतात, तरी लोक "आगं बाई, केवढा" म्हणतात.

७. त्या दिवसापासून शिवकन्यास तेल नाही, तिखट नाही, विहिरीवर जाणे नाही, वाकणे नाही. तिच्यासाठी रोज वेगळी मुगाची खिचडी होते. ती खिचडी अर्जदार करतात. एका हाताने बरगडी दाबून धरतात व दुसऱ्या हाताने करतात. मागल्या आठवड्यात खिचडी ढवळतानाच कळ आली म्हणून अर्जदार पातेल्यापाशी खाली बसल्या, तेव्हा सासूबाईंनी आतून विचारले, "खिचडी लागली का गं? वास येऊन राह्यला." अर्जदाराने हे सांगितले व पदराने तोंड पुसले. अर्जदारास जावेचा हेवा वाटतो. तसे सरळ लिहावे म्हणाल्या, म्हणून लिहिले. सोन्याचा, साडीचा कधी वाटला नाही, खड्याचा वाटतो.

८. सबब अर्जदाराचा असा दाट संशय आहे की, सदर खडा मूळचा अर्जदाराचाच असून तो नजरचुकीने जावेच्या नावावर लागला आहे. खाट एक होती, आडनाव एक, गाव एक, नंबर पाठोपाठचे. तीन वर्षे दुखते तिच्या पोटात काही नाही व एकदा दुखले तिच्या पोटात सतरा मिलिमीटर, हे अर्जदाराच्या बुद्धीस पटत नाही. तसेच पंधरा मिनिटे चालून यंत्र तापले असावे व अर्जदाराच्या वेळी त्यात दम राहिला नसावा, हीही शक्यता विचारात घ्यावी. करिता अर्जदाराची तपासणी प्रथम नंबरी, थंड यंत्रावर, किमान पंधरा मिनिटे व्हावी आणि तोवर शिवकन्याचे दि. ४ मार्चचे ऑपरेशन थांबवावे. दुसऱ्याचा खडा तिच्या पोटातून काढला जाऊ नये.

येथवर मजकूर झाला तेव्हा अर्जलेखकाने पेन खाली ठेवून हात जोडले. असला अर्ज आपल्या कार्यालयात हसून फाडला जाईल असे सांगितले. बाई म्हणाल्या, "हसू द्या. तीन वर्सं हासूनच राह्यलेत."

९. यानंतर सोबतची कागदपत्रे लावताना अर्जलेखकाने रिपोर्ट क्र. २१५ स्वतः वाचला. अर्जलेखकाचे इंग्रजी सरकारी आहे, पण तेवढ्यास पुरते. "नॉर्मल" हा शब्द सहा ठिकाणी आहे, परंतु तो लिव्हर, किडनी, प्लीहा इत्यादींबद्दल आहे. पित्ताशयापुढे तो नाही. तेथे लिहिले आहे की, पित्ताशय आकुंचन पावलेले असल्याने आतील भाग नीट दिसत नाही, रुग्णाने अन्न घेतलेले असण्याची शक्यता, किमान आठ तास उपाशी ठेवून पुन्हा तपासावे. ही ओळ तीन आठवडे घरात पडून होती व ती कोणी वाचली नाही.

१०. खात्री करावी म्हणून अर्जलेखकाने आपल्या खिडकीच्या नंबरावर फोन लावला. तरन्नुम सिस्टर यांनी उचलला. त्यांनी स्पष्ट सांगितले, "माणूस उपाशी असला की पित्ताची पिशवी भरलेली राहते, मंग आतला खडा बराबर दिसतो. काही खाल्लं, त्यातही तुपातेलाचं खाल्लं, की पिशवी आकसून जाते. मंग खडा असला तरी दिसंल याचा भरोसा न्हाई. बाईनं काही खाल्लं होतं का?" फोनचा आवाज मोठा ठेवलेला होता. बाईंनी ऐकले. सिस्टर पुढे म्हणाल्या की, तपासणीपूर्वीच्या चिठ्ठीवर "आठ तास काही खाल्लेले नाही" या ओळीखाली बाईंची सही आहे, सही खोटी असेल तर कारण देऊन तसे लिहून द्यावे लागेल, त्याशिवाय मोठे साहेब फेरतपासणी देणार नाहीत आणि शिबिराची यादी शुक्रवारी बंद होते.

११. अर्जलेखकाने चहा मागविला. चहा गार झाला. टेबलापुढे आणखी दोघे अर्जवाले येऊन बसले, त्यांना उद्या या म्हणून सांगितले. त्यानंतर बाईंनी सांगितले ते असे.

१२. शिवकन्याच्या आईने परतूरहून डिंकाच्या लाडवांचा डबा पाठविला होता. लेकीला अशक्तपणा येऊ नये म्हणून, तुपात वळलेले, वर खसखस. तपासणी झाल्यावर खायला म्हणून तो पिशवीत घेतला व पिशवी अर्जदाराच्या मांडीवर होती. उपाशी राहायचे दोघींना सारखेच सांगितलेले होते. जीप सकाळी सातला तीर्थपुरीतून निघाली. शिवकन्या दांड्याला डोके टेकून झोपली होती. अर्जदाराची आई वारून नऊ वर्षे झाली आहेत, अर्जदारास कोणाचा डबा येत नाही. झाकण उघडून नुसते बघू म्हणून उघडले. तुपाचा वास आला. अर्जदारास इतका राग आला की काय सांगावे! पहिला लाडू रागाने खाल्ला. दुसरा चांगला लागला म्हणून खाल्ला. अंबड येईपर्यंत चार झाले. मग उरलेले हलवून डबा भरलेला दिसेल असे केले.

१३. खोलीत मॅडमनी विचारले, "काही खाल्लंय का?" त्या वेळी शिवकन्या दाराशीच उभी होती. हो म्हटले असते तर काय खाल्ले हे पुढे आलेच असते आणि जावेच्या माहेरचे लाडू थोरलीने चोरून खाल्ले हे तिला, मग आत्याबाईला म्हणजे सासूबाईंना, मग सगळ्या गल्लीला कळले असते. म्हणून अर्जदार "पाणीबी न्हाई" म्हणाल्या व सही केली. सही खोटी आहे. फेरतपासणीस हेच कारण आहे, दुसरे नाही. अर्जदार आपली चूक कबूल करतात. चार लाडवांपायी पोटातले दुखणे कागदावर येता येता राहिले, याबद्दल अर्जदारास स्वतःचाच फार राग येतो.

१४. यापुढे अर्ज संपविणे योग्य होते. परंतु अर्जलेखकाची चाळीस वर्षांची रीत अशी की, अर्ज मोठ्याने वाचून दाखविल्याशिवाय व "वाचून दाखविला, समजला, मान्य आहे" असे म्हणवून घेतल्याशिवाय तो सही घेत नाही. त्याप्रमाणे त्याने कलम १ पासून वाचण्यास सुरुवात केली. अर्जलेखकाचा आवाज मोठा आहे, तहसीलच्या पायऱ्यांपर्यंत जातो. त्याच दिवशी शिवकन्या ऑपरेशनसाठी लागणारा उत्पन्नाचा दाखला काढण्यास तहसीलमध्ये आलेली होती. अर्जदार तिच्याच जीपने आल्या होत्या व "मी बांगड्या भरून येते" असे सांगून निसटल्या होत्या. वाचन संपवून अर्जलेखकाने मान वर केली तेव्हा शिवकन्या दाखला हातात घेऊन बाईंच्या मागे उभी होती. कोणत्या कलमापासून उभी होती, असे विचारले असता "हेव्यापासून" असे तिने सांगितले.

१५. अर्जदार बाईंनी मागे वळून बघितले व लगेच तोंड फिरवले. "खोडा ते समदं," म्हणाल्या. खोडाखोड केलेला अर्ज आवक खिडकी घेत नाही व यादी शुक्रवारी बंद होते, हे अर्जलेखकाने समजावून सांगितले. शिवकन्या बाकावर टेकली. बराच वेळ दाखल्याची घडी घालत व उलगडत राहिली. नंतर तिने स्वतःहून पुढील निवेदन केले. ते तिच्याच शब्दांत घ्यावे असा तिचा आग्रह होता :

"अक्का, मी झोपले न्हवते. डबा उघडल्याचा आवाज आल्ता. चारी लाडू मोजले मी डोळे झाकून. मॅडमनं तुम्हाला इचारलं तव्हा मी दारातच व्हते, एक शब्द बोलले आसते तर मॅडमनं तुम्हाला दुसऱ्या दिवशी परत बोलावलं आसतं. मला म्हाईत व्हतं तुमचं दुखणं खरं हाय. तुम्ही भिंतीला धरून बसता ते मी तीन वर्सांपासून बघून राह्यले. पर मी न्हाई बोलले. घरात समदं तुमचं हाय. चूल तुमची, बाजार तुमचा, आत्याबाई झोपंतबी 'आसरा' म्हणून हाक मारती. मला सहा वर्सांत कोणी इचारलं न्हाई की तुला काय वाटतं. हे येकच माझ्या येकटीचं व्हतं. तुमच्याबी पोटात खडा निघाला आसता तर मंग माझ्याकडं कोणी बघितलं आसतं? तुम्ही घरातल्या मोठ्या. मला वाटलं, राहू द्या म्हैनाभर. मंग म्हैना व्हत आला आन् सांगायची हिंमत व्हईना."

१६. हे ऐकून अर्जदार बाई प्रथम फार बोलल्या. ते येथे लिहिलेले नाही. ते लिहू नये असे या एकाच ठिकाणी बाईंनी सांगितले. नंतर दोघी रडल्या. अर्जलेखकास दुसऱ्या अर्जांची कामे होती, तरी तो बसून राहिला.

१७. शिवकन्याने साक्षीदार म्हणून सही केली आहे. अर्जदाराने दि. २१ जानेवारी रोजी तपासणीपूर्वी चार लाडू खाल्ले हे तिने शेजारी बसून मोजले असल्याने, ती तपासणी ग्राह्य धरू नये असे तिचेही म्हणणे आहे.

१८. वरील परिस्थितीत अर्जदाराच्या मागण्या आता खालीलप्रमाणे बदलल्या आहेत. कलम ८ मधील मागणी, म्हणजे जावेचे ऑपरेशन थांबविण्याची, मागे घेतली आहे. तिचे दि. ४ मार्च रोजी ठरल्याप्रमाणे करावे. यंत्र थंड असो की तापलेले, अर्जदाराची काही तक्रार नाही. अर्जदारास शुक्रवारपूर्वी कोणत्याही सकाळी बोलवावे. आदल्या रात्री नऊनंतर अर्जदार काही खाणार नाहीत व शिवकन्या त्यांच्या शेजारी झोपून लक्ष ठेवणार आहे. ही अट शिवकन्याने स्वतः घातली असून ती अर्जदारास फारशी आवडलेली नाही.

१९. खडा निघाल्यास अर्जदाराचे नाव शिबिराच्या यादीत घ्यावे, परंतु दोघींना एकाच दिवशी घेऊ नये. भरतीच्या फॉर्मवर "रुग्णासोबत राहणारे नातेवाईक" असा रकाना आहे. अर्जदाराने आधी तो कोरा ठेवला होता, कारण कोणाचे नाव घालावे हे सुचत नव्हते. आता त्यात शिवकन्याचे नाव घातले आहे, तिच्या फॉर्मवर अर्जदाराचे. एक खाटेवर असेल तेव्हा दुसरी स्टुलावर असली पाहिजे. आणि खडा न निघाल्यास, अर्जदाराचे पोट खरोखर दुखते एवढे तरी रुग्णालयाच्या शिक्क्यानिशी मराठीत लिहून द्यावे. सासूबाईंना वाचून दाखविण्यासाठी ते हवे आहे. वाचून शिवकन्या दाखवणार आहे.

२०. शेवटची विनंती दोघींची मिळून आहे. ऑपरेशननंतर निघालेला खडा बाटलीत घालून नातेवाइकांच्या हाती देण्याची आपल्याकडे पद्धत असल्याचे समजते. आमच्या बाबतीत ती कृपा करून पाळू नये. दोघींचेही खडे तिकडेच टाकून द्यावेत व कितीचे निघाले ते दोघींपैकी कोणीही, कितीही विचारले, तरी सांगू नये. बाटल्या घरी आल्या तर कोणाचा मोठा हे बघितल्याशिवाय आम्ही राहणार नाही.

वाचून दाखविला, समजला, मान्य आहे.

तपासणीची वाट बघणारी,
(सही) आसराबाई राधाकिसन आटोळे

साक्षीदार : (सही) शिवकन्या रामप्रसाद आटोळे, नाते : जाऊ

लिहिणार : तातेराव, अर्जलेखक, तहसीलसमोर, घनसावंगी

दिनांक : ११ फेब्रुवारी २०२५

सोबत :
१) सोनोग्राफी रिपोर्ट क्र. २१५ ची प्रत, न वाचलेल्या ओळीखाली अर्जलेखकाने रेघ मारली आहे.
२) अर्जदाराच्या शिधापत्रिकेची व आधार कार्डाची झेरॉक्स.
३) भरतीचे फॉर्म, दोन.